आकाश, वारा, ओल

हैदराबादला जामबागेतल्या आमच्या शाळेच्या फाटकाशी एक लहान फळा टांगलेला असे. त्यावर सुविचार नसे, सूचना नसत. पांढऱ्या रंगानं कायमचे लिहिलेले तीन शब्द होते, एकाखाली एक: आकाश, वारा, ओल. त्यांच्यापुढं रोज सकाळी प्रार्थनेआधी आमच्या मराठी माध्यमातल्या कुणीतरी खडूनं लिहायचं. आकाश निरभ्र. वारा पश्चिमेकडून, मंद. ओल कमी. एवढंच. पण माझी पाळी आली की मला आदल्या दिवसापासून जेवण जात नसे. चुकलं तर सगळ्या शाळेसमोर चुकणार, आणि मी तर मामाच्या घरी राहून शिकणारी. दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्या पोरीनं चुकू नये, असं मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मला ते ठाऊक होतं.

फळा विज्ञानाच्या बाईंनी सुरू केला होता. बाई शहरातल्या जुन्या मराठी घराण्यातल्या. वडील, आजोबा सगळे निजामाच्या सरकारी नोकरीत गेलेले, त्यामुळं बोलण्यात उर्दूची अदब मुरलेली. रागावल्या की त्या आम्हा पोरांना ‘आपण’ म्हणत. “आपण आज गृहपाठ आणला नाहीत वाटतं,” असं ऐकू आलं की समजायचं, आज काही खरं नाही.

मी देगलूरकडच्या एका खेड्यातली. वडील मी लहान असतानाच गेले. आई बालवाडीत मदतनीस होती, म्हणजे पोरांना घरून गोळा करून आणायचं, खिचडी शिजवायची, शी-शू बघायची. शिकवायचं काम तिथल्या बाईंचं. आईला वाचता येत नव्हतं. बालवाडीच्या बाई खुर्चीवर बसत आणि आई दाराशी. आपली पोर खुर्चीवर बसावी, एवढंच तिच्या मनात होतं. गावात चौथीपर्यंत शाळा. पुढं काय, तर मामा हैदराबादेत, काचीगुड्याला, एका सरकारी कारखान्यात कामाला होता. मीटरगेजच्या गाडीनं आईनं मला आणलं, मामाच्या हवाली केलं आणि दुसऱ्या दिवशी परत गेली. जाताना मला म्हणाली, “दहावी झाली की बाई होता येतं म्हणं. तेवढं कर.” ते ‘तेवढं’ मी मनात धरून बसले.

वर्गात पहिले काही महिने मी तोंड उघडलं नाही. बाकीची पोरं मराठी घरचीच, पण त्यांचं मराठी निराळं होतं. ‘हौ’ म्हणायची, ‘नक्को’ म्हणायची, भांडायला लागली की सरळ दखनी उर्दूवर जायची, आणि खेळताना तेलुगू. माझं बोलणं ऐकून ती हसत, आणि त्यांचं बोलणं मला अर्धं कळत नसे. पुस्तकातलं मराठी आणखी तिसरंच. वातावरण, आर्द्रता, बाष्पीभवन. हे शब्द वाचताना सगळ्यांचीच जीभ अडखळे, आणि एवढ्या एका बाबतीत मी त्यांच्यातली होते.

बाईंची शिकवायची एक पद्धत होती. आधी वस्तू, मग शब्द. वस्तू आणल्याशिवाय पुस्तकातला शब्द त्या सांगतच नसत. ‘आर्द्रता’ शिकवायची होती तेव्हा त्यांनी सगळ्यांना घरून चिमूटभर मीठ आणायला सांगितलं. श्रावणाचे दिवस होते. कुणाच्या पुडीतलं मीठ मोकळं होतं, कुणाचं ओलं होऊन कागदाला चिकटलेलं. मामीनं मला मीठ देताना विचारलं होतं, “शाळेत आता स्वयंपाक शिकवतात काय?” बाईंनी सगळ्या पुड्या टेबलावर मांडल्या आणि विचारलं, या मिठावर पाणी कुणी ओतलं? कुणीच ओतलेलं नव्हतं. मग पाणी आलं कुठून? “हवेतून,” बाई म्हणाल्या. हवेत पाणी असतं, ते दिसत नाही, मिठाला मात्र ते सापडतं. आणि मग फळ्यावर त्यांनी शब्द लिहिला. त्या दिवशी तो शब्द मला अवघड वाटला नाही. तो ओल्या मिठाचा शब्द होता.

असंच दवाचं. थंडीत एका सकाळी मैदानाच्या कडेच्या गवतावर आम्ही रुमाल अंथरले. थोड्या वेळानं ते ओलसर झाले. घरी याला काय म्हणता, असं बाईंनी एकेकाला विचारलं. कुणी ओस म्हणालं, कुणी तेलुगूतलं मंचू म्हणालं. माझ्यावर पाळी आली तेव्हा मी खाली मान घालून म्हटलं, आई दहिवर म्हणते. पोरं हसली. एकजण म्हणाला, “दहीवडा?” बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुस्तक उघडलं आणि बोट ठेवून दाखवलं. तो शब्द पुस्तकात होता. पुस्तकात त्याचा अर्थ गोठलेलं दव असा दिला होता, पण बाई म्हणाल्या, आपल्याकडं दव गोठण्याइतकी थंडी पडते कुठं, तेव्हा हिच्या आईचा अर्थ आपण चालवून घेऊ. माझ्या आईला वाचता येत नव्हतं आणि तिच्या तोंडातला शब्द छापलेला होता. तो मी कितीतरी वेळ बघत राहिले.

तेव्हापासून मला जरा धीर आला. झड, उघाड, वावटळ, शिरवा, असे शब्द माझ्याकडं होते आणि शहरातल्या पोरांकडं नव्हते. बाई मला मुद्दाम विचारत. पोरांनी माझं नाव ‘आभाळवाली’ ठेवलं. मला ते आवडायचं, पण आवडतं हे मी कुणाला कळू दिलं नाही.

फळ्यावरची ओल मोजायला बाईंनी दोन तापमापक शेजारी शेजारी टांगले होते. एकाच्या फुग्याला ओल्या मलमलीची चिंधी गुंडाळलेली, दुसरा कोरडा. दोघांत जेवढं अंतर जास्त, तेवढी हवा कोरडी. आणि वाऱ्यासाठी छपरावर वातकुक्कुट होता, वनस्पती तुपाच्या डब्याच्या पत्र्यातून बाईंनी स्वतः कापलेला. त्याचं शेपूट फारच मोठं झालं होतं, त्यामुळं तो कोंबड्यापेक्षा मोरासारखा दिसे. पश्चिमेचा वारा असला की तो बेगम बाजाराकडं तोंड करी, आणि त्याच वाऱ्याबरोबर तिथल्या मिरचीच्या गोदामांचा खाट आमच्या वर्गात येई. सगळी पोरं शिंकू लागत. वर न बघताच कुणीतरी ओरडे, बाई, पश्चिम. बाई म्हणत, शिंक हा काही शास्त्रातला पुरावा नव्हे, तरी लिहा.

शाळेसमोर इराण्याचं हॉटेल होतं. गल्ल्यावरच्या चाचांना मराठी वाचता येत नव्हतं. मी फळा लिहीत असले की ते रस्त्यापलीकडून विचारत, “क्या बोल्रा बेटी आज तुम्हारा बोर्ड?” मी सांगायची, आज पाऊस नाही. “फिर छत्री नक्को,” म्हणत ते छत्री आत ठेवून देत. माझ्या लिहिण्यावर एक मोठा माणूस छत्री घेतो किंवा ठेवतो, याचं मला फार ओझं वाटे. एकदा दुपारी पाऊस आला तेव्हा ते भिजत असतील या विचारानं मला वर्गात काही सुचेना. सुटल्यावर बघितलं, तर ते गल्ल्यावर कोरडे बसले होते.

घरी मामी मला साहेब म्हणायची. गच्चीवर पापड घालायचे असले की कमरेवर हात ठेवून विचारायची, “काय हवामान खात्याच्या साहेब, घालू का वाळत, का थांबू?” मी खरंच गच्चीच्या कठड्याशी जाऊन बघून येत असे आणि तोवर तिनं निम्मे पापड घातलेले असत. ती मनानं वाईट नव्हती. स्वतःच्या मुलाच्या ताटात पडेल तेच माझ्या ताटात पडे. हे मी आजही विसरलेले नाही.

त्या वर्षांत सगळं भराभर बदलत होतं. गल्लीत या गच्चीवरून त्या गच्चीवर केबलच्या वायरी ओढल्या जात होत्या. शेजारी रंगीत टीव्हीवर इंग्रजीतून हवामान सांगणारी बाई दिसे. तिच्या मागं सगळ्या देशाचा नकाशा असे आणि ती त्याच्याकडं न बघताच हात फिरवी. मामाच्या कारखान्यात लोकांना स्वेच्छेनं निवृत्त व्हायला सांगत होते. मामा म्हणायचा, स्वेच्छा त्यांची, निवृत्ती आमची. आणि आमच्या वर्गातली बाकं रिकामी होत चालली होती. दर जूनमध्ये काही पोरं दिसायची नाहीत. आजारी नसायची, गावी गेलेली नसायची. शाळेच्याच दुसऱ्या इमारतीत, इंग्रजी माध्यमात, टाय बांधून बसलेली असायची. मधल्या सुट्टीत भेटायची, पण आता आमच्याबरोबर डबा खायची नाहीत.

मी सातवीत असताना, दिवाळीनंतर, बाईंनी आम्हाला सरळ सांगितलं. जूनपासून मराठीची आठवी उघडायची की बंद करायची, हे संस्थेच्या बैठकीत ठरणार होतं. बैठक विज्ञान प्रदर्शनानंतर होती. बाईंच्या मनात आलं, संस्थेची मंडळी प्रदर्शनाला येणारच आहेत, त्यांना दाखवून द्यायचं. मराठीतून शिकलेली पोरं कुठं कमी नाहीत हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं, तर वर्ग बंद करायला त्यांची जीभ रेटणार नाही. आम्हालाही ते पटलं. कुणालाही पटलं असतं.

मी घरी येऊन मामाला विचारलं, मराठीची आठवी बंद झाली तर मी काय करायचं? मामा पेपर वाचत होता. म्हणाला, “बघू गं. इथं आमचा कारखानाच बंद होतोय, तू आठवीचं काय घेऊन बसलीस.” आणि हसला. मग माझं तोंड बघून त्यानं पेपर खाली ठेवला आणि म्हणाला, होईल काहीतरी, घाबरू नकोस. पण मला माहीत होतं. शहरात दुसरीकडं एक मराठी शाळा होती, ती लांब, आणि तिथंही हेच वारं सुटलेलं. तालुक्याच्या गावी हायस्कूल होतं, पण तिथं राहायला कुणी नव्हतं. ही आठवी उघडली तर मी शिकणार होते, नाहीतर नाही.

प्रदर्शनात मला सांद्रीभवन दिलं होतं. दिसायला काही नाही. टेबलावर एक स्टीलचा पेला, त्यात बर्फाचं पाणी. थोड्या वेळानं पेल्याला बाहेरून घाम सुटतो. पाणी कमी झालं नाही हे दिसावं म्हणून आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीला रंगाची खूण. वातावरणाचे थर, पर्जन्यमापक, वातकुक्कुट हे सगळं इतरांकडं. मला वाटलं होतं, मला साधं काम दिलं. बाई म्हणाल्या, साधं नाही, सगळ्यात अवघड आहे, कारण इथं दाखवण्यासारखं काहीच नाही, सगळं सांगायचंच आहे. मी महिनाभर मामीच्या पेल्यासमोर उभी राहून बोलत होते. मामीला ते पाठ झालं. पाहुणे आले की ती पाण्याचा पेला देताना म्हणायची, थांबा, आधी आमच्या साहेबांचं भाषण ऐका.

त्या दिवशी आईनं पाठवलेला निळा परकर-पोलका मी घातला होता. बाईंनी माझ्या रिबिनी स्वतः बांधल्या. संस्थेची माणसं आली. त्यांच्यात कार्यवाह होते, वयस्कर वकील, शहरातल्या जुन्या मराठी घरातलेच, पांढरी दाढी, हातात काठी. ते एकेका टेबलाशी थांबत माझ्यापर्यंत आले. पेल्याकडं बघून म्हणाले, “हे पाणी कसं गळतंय? पेला फुटका दिसतो.”

“फुटका असता तर आतलं पाणी कमी झालं असतं,” मी म्हटलं. “आत खूण आहे, बघा.”

त्यांनी खरंच चष्मा वर करून आत वाकून बघितलं. “मग बाहेर कुठून आलं?”

“इथंच होतं. हवेत. आपल्या दोघांच्या मध्ये. ते बाष्प होतं म्हणून दिसत नव्हतं. गार पेल्याला लागलं आणि पाणी झालं.”

मग मी सगळं सांगितलं. बाष्पीभवन, आर्द्रता, सांद्रीभवन, ढग कसा होतो, दव कसं पडतं, आणि दहिवरसुद्धा. कुठं अडले नाही. त्यांनी पेल्यावरून एक बोट फिरवलं, ओलं झालेलं बोट बघितलं, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खोटं सांगत नाही. पलीकडं बाई उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी तसा उजळलेला पुन्हा कधी पाहिला नाही. मला वाटलं, उघडली आठवी.

कार्यवाह मुख्याध्यापकांकडं वळून म्हणाले, “काय तयार पोरं आहेत हो ही. अशा पोरांना इंग्रजीत घातलं तर कुठच्या कुठं जातील. आपणच यांना अडवून धरलंय.”

बाई पुढं आल्या. “साहेब, ती हे मराठीत शिकली म्हणून सांगू शकली,” त्या म्हणाल्या.

“तेच म्हणतोय मी,” ते मायेनं म्हणाले. “पाया आपण घातलात, बाई. आता वरचा मजला चढू द्या.”

त्यांच्या मनात आमचं वाईट करायचं नव्हतं. हे मी तेव्हाही समजले होते. आम्ही नापास झालो असतो, अडखळलो असतो, तर कदाचित त्यांनी म्हटलं असतं, राहू द्या बिचाऱ्यांना त्यांच्या भाषेत. आम्ही चांगलं केलं, म्हणून पुढं बैठकीत वर्ग बंद करायचं ठरलं. त्या दिवशी बाईंनी पेल्याचं पाणी ओतून दिलं. पेला पुसून त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “आपण फार छान सांगितलंत.” त्या रागावलेल्या नव्हत्या. तरीही ‘आपण’ म्हणाल्या.

जूनमध्ये संस्थेनं आम्हा उरलेल्यांना इंग्रजी आठवीत घेतलं, फी न घेता. त्याबद्दल सगळ्यांनी आभार मानले, मामानंही जाऊन मानले. वर्ग दुसऱ्या इमारतीत. विज्ञानाच्या नव्या टीचर तरुण होत्या, तेलुगू घरच्या, स्वभावानं गोड. एक दिवस त्यांनी फळ्यावर चित्र काढलं. पेला, आत बर्फ, बाहेर थेंब. हा माझा धडा होता. टीचरनी इंग्रजीतून काहीतरी विचारलं. प्रश्न मला कळला नाही, पण चित्र कळलं होतं, आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा माझा हात वर गेला. मी उभी राहिले. उत्तर सगळं डोक्यात होतं, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. तोंडातून निघालं ते “सांद्रीभवन”.

टीचरना कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा तेच म्हटलं. मागून कुणीतरी म्हणालं, “मंतर पढ्री क्या रे ये?” वर्ग हसला. दुष्टपणानं नाही, हसू आलं म्हणून हसला. टीचरसुद्धा जराशा हसल्या, आणि मला खाली बसायची खूण केली. नंतर फळ्यावर इंग्रजी शब्द लिहिला. मी तो उतरवून घेतला. लांबलचक होता. त्याला ना मीठ होतं, ना पेला, ना माझी आई. त्यानंतर मी ‘आभाळवाली’ राहिले नाही, ‘मंतर’ झाले.

रोज सकाळी पोटात दुखू लागलं. मामीनं ओवा दिला, हिंग लावला, मग डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही. रविवारी दुखत नसे. त्याच सुमारास मामानं निवृत्ती घेतली आणि मिळालेल्या पैशांतून काचीगुडा स्टेशनच्या रस्त्यावर एसटीडी बूथ काढला. पिवळा बोर्ड, काचेची खोली, बाहेर टेबल. मामा बाहेर गेला की बसायला कुणी तरी लागे. मामाचा मुलगा त्याच्या इंग्रजी शाळेत, मामी स्वयंपाकात. मी म्हटलं, मी बसते. पोट दुखतंच आहे. मामानं मला शाळा सोड असं कधी म्हटलं नाही, आणि मीही सोडते असं म्हटलं नाही. बाईंनी शिकवलं होतं, बाष्पीभवनाला पाणी उकळावंच लागतं असं नाही. उघड्या ताटलीत नुसतं ठेवलं तरी ते जातं. माझी शाळा तशी गेली. अमक्या दिवशी सुटली असं मला सांगता येत नाही.

बाई बूथवर आल्या त्या दिवशी झड लागलेली होती. छत्री मिटून त्या आत आल्या, मला तिथं बसलेलं बघून काही क्षण उभ्या राहिल्या. मामानं घाईनं स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. दोघं एकमेकांशी फार अदबीनं बोलले. बाई म्हणाल्या, मुलीचं डोकं चांगलं आहे, मी तिला घरी शिकवते, दर रविवारी पाठवा, मराठी शब्द आणि इंग्रजी शब्द समोरासमोर मांडून देईन, बाहेरून दहावीला बसवू. मामा म्हणाला, जरूर बाई, आपले उपकार आहेत. तो मनापासून बोलत होता. पण फोनचे दर रविवारी कमी असत, आणि आमच्या बूथवर आठवड्याची निम्मी गर्दी रविवारीच होई. रांग पार पानाच्या टपरीपर्यंत जायची. हे त्या वेळी त्या खोलीत मला ठाऊक होतं, मामाला ठाऊक होतं, आणि बाहेरचा पिवळा बोर्ड वाचून आलेल्या बाईंनाही बहुतेक ठाऊक असावं.

मी फळ्याचं विचारलं. बाई म्हणाल्या, तो काढला. तिथं आता प्रवेशाची जाहिरात लावली आहे. त्यांना स्वतःला खालच्या वर्गांची शिवण आणि हस्तव्यवसाय दिला होता. “आपला कोंबडा मात्र वर आहे अजून,” त्या म्हणाल्या. “फिरतो बिचारा.” आणि चहा पिऊन गेल्या. जाताना माझ्या वेणीवरून हात फिरवला, प्रदर्शनाच्या दिवशी रिबीन बांधली होती तसा. पुढं एका उन्हाळ्यात त्या निवृत्त होऊन मुलाकडं गेल्याचं कळलं. कुठं, ते मला सांगणारं कुणी नव्हतं.

बूथवर बसून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. फोन लागला की जवळजवळ प्रत्येक माणूस आधी हवामान विचारतो. काचेचं दार कितीही लावलं तरी आवाज बाहेर येतोच. उधर पानी पड्रा क्या. अक्कडा वर्षम् पडुतोंदा. तिकडं थंडी कशी आहे. बेगम बाजारातले मारवाडी व्यापारी तर मालाचं बोलायच्या आधी पाऊस विचारत. दूरच्या माणसाला जे खरं विचारायचं असतं ते लगेच विचारवत नाही, म्हणून माणसं आभाळापासून सुरुवात करतात, असं मला वाटायचं.

मग आमच्या गावातही फोन आला, किराणा दुकानात. मामानं सांगितलं, रविवारी गर्दी ओसरली की आईशी बोलत जा. दुकानदारानं पोरगं पाठवून आईला बोलावून आणलं. पहिल्यांदाच फोन हातात धरलेला, ती ओरडून बोलत होती. तिनं आभाळ विचारलं नाही. तिनं सरळ विचारलं, “शाळा कशी चाललीया?”

काचेच्या खोलीत माझ्या श्वासानं काच धुरकट झाली होती. मी म्हटलं, “आई, मी जात नाही आता.”

पलीकडं दुकानातला तराजू वाजल्याचा आवाज आला. कुणीतरी गूळ मागत होतं. मग आई म्हणाली, “बरं. आन् आभाळ कसं हाय तिकडं?”

मग फळ्यावरचं आलं तोंडात. मी म्हटलं, “आकाश ढगाळ. वारा पश्चिमेकडून, मध्यम. ओल जास्त.”

“ओल म्हंजी?”

मी सांगितलं. हवेत पाणी असतं, ते दिसत नाही. मीठ ओलं होतं त्यावरून कळतं. गार पेल्याला बाहेरून घाम सुटतो, ते पाणी पेल्यातलं नसतं, हवेतलं असतं. त्याला काय म्हणतात तेही सांगितलं. ती हसली नाही. दुकानातल्या लोकांना तिनं ते तिथंच मोठ्यानं सांगितलं, की माझी पोर म्हणतीया हवेत पाणी असतंया. कुणीतरी तिची थट्टा केली असावी, कारण ती त्याला रागानं म्हणाली, “पुस्तकात हाय तसं.”

त्यानंतर आईनं शाळेचं नाव कधी काढलं नाही. मीही काढलं नाही. माझं लग्न याच शहरात झालं, बूथ बंद पडला, गावी मग मी दोन-चार वर्षांतून एकदा जाऊ लागले, पण रविवारचा फोन चुकला नाही. ती हालहवाल विचारायची, पोरांचं विचारायची, आणि मग ठेवायच्या आधी आवाज जरा बदलून म्हणायची, आता सांग. मी गॅलरीत जाऊन बघून सांगायची. आकाश, वारा, ओल. शेवटच्या वर्षी तिला नीट ऐकू येत नव्हतं. मी सांगून संपवलं की ती म्हणे, “निम्मंच आलं बघ. पुन्हा सांग, पहिल्यापून.”

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायची.